काळा घोडा ते भेंडी बाजार: निघण्याआधी एवढं बघून ठेवा

आधी कालनिर्णय भिंतीवरून खाली काढा, कपड्यांचं कपाट नंतर उघडा. मुंबईतली जुनी चर्च, सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनाघरं, मशिदी एका फेरीत बघायची तर वार ठरवणं हेच अर्धं काम आहे. शुक्रवारी दुपारी मशिदीत जुम्म्याची नमाज, त्या वेळी आपण तिथे जाऊन नुसती वाट अडवणार. शनिवारी सिनेगॉगमध्ये शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा. शिवाय रविवारी मेगाब्लॉक असतो, तो कुठल्याच धर्माला सोडत नाही. उरले सोमवार ते गुरुवार. माहीमचं सेंट मायकल चर्च यादीत असेल तर बुधवार वगळा, त्या दिवशी नोव्हेनाच्या प्रार्थनेला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. बाबुलनाथला सोमवारी जाऊ नका, सिद्धिविनायकाला मंगळवारी. मी स्वतः मंगळवार धरते आणि प्रभादेवीकडे फिरकत नाही.

वार ठरला की त्याच पानावर सण बघा. मुसलमानी, पारशी, ख्रिस्ती सण त्यात असतातच. मोहरमचे पहिले दहा दिवस शिया मशिदीत मातमाचे, तेव्हा कॅमेरा गळ्यात अडकवून जाऊ नये. ज्यू लोकांचे मोठे सण साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, तेव्हा सिनेगॉग पाहुण्यांसाठी नसतं. हाजी अली जोडणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही हवं. मोठ्या भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते आणि मग आत असलेले आत, बाहेरचे बाहेर.

आता कागद. आधार कार्ड, लायसन्स, पासपोर्ट, काहीही चालेल, पण मूळ प्रत घ्या. काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगच्या दारात पोलीस असतात, ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. 2008 साली नरीमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासूनची ही कडक व्यवस्था. मोबाइलमधला फोटो दाखवून हुज्जत घालणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. हुज्जत घालू नका, त्यांचा दिवस त्यात जातो आणि आपलाही. हे सिनेगॉग 1884 सालचं, डेव्हिड ससून यांच्या नातवानं, जेकब ससून यांनी बांधलेलं. बरीच वर्षं ते आकाशी निळं होतं. 2019 मध्ये डागडुजी पूर्ण झाली तेव्हा त्याला पांढरा आणि निळीचा रंग मिळाला. त्यामुळे जुने फोटो बघून "निळी इमारत कुठे?" असं विचारत फिरू नका.

आत शिरण्यापूर्वी पुरुषांनी डोकं झाकायचं. छोटी टोपी, म्हणजे किप्पा, दारापाशी मिळते, पण गटात सात-आठ पुरुष असतील तर घरून रुमाल न्या. चौकटीच्या उजव्या अंगाला बसवलेली बोटभर लांबीची डबी दिसेल, ती मेझुझा. आत चर्मपत्रावर लिहिलेली वचनं असतात. येणारा-जाणारा ज्यू माणूस तिला बोटं लावून ओठांशी नेतो. आपण नुसतं बघावं. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका हौशी मुलानं ती नखानं उघडायचा प्रयत्न केला होता, तेव्हापासून मुलांना हे लोकलमध्येच सांगून टाकते.

कपड्यांचं थोडक्यात: गुडघे आणि खांदे झाकलेले, सैल, सुती. एक मोठी ओढणी प्रत्येकीच्या पिशवीत. वाळकेश्वरचं जैन मंदिर करणार असाल तर चामड्याचा पट्टा आणि पाकीट घरीच ठेवा. माझ्या चुलतभावाला दारातच पट्टा काढावा लागला होता आणि पँट एका हातानं धरून त्यानं दर्शन घेतलं. चपला मात्र सहज निघणाऱ्या हव्यात. बुटांच्या नाड्या दिवसातून चार वेळा सोडायच्या-बांधायच्या म्हणजे पाचव्या ठिकाणी माणूस बाहेरूनच नमस्कार करतो. आणि मोजे! एप्रिलच्या दुपारी फरशी काय भाजते ते मोजे विसरल्यावरच कळतं.

काळा घोड्याहून चालत सेंट थॉमस कॅथेड्रल. इथे जोडे काढायचे नाहीत, आवाज मात्र काढून ठेवायचा. 1718 सालच्या नाताळला हे चर्च उघडलं. किल्ल्याच्या तटबंदीतला जो दरवाजा या चर्चच्या दिशेला होता तो चर्चगेट. तट 1860 च्या दशकात पाडला, दरवाजा गेला, नाव रेल्वेनं सांभाळलं. भिंतीवरचे संगमरवरी स्मृतिलेख वाचायला अर्धा तास राखून ठेवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत इथे येऊन तरुण वयात गेलेल्या माणसांची वयं मनात मोजत राहावीशी वाटतात. बाहेरचं कारंजं चुकवू नका. चर्चसमोरच्या त्या कारंज्यासाठी पैसे दिले कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थांनी.

आता न उघडणाऱ्या दारांची तयारी. फोर्टमध्ये अगियाऱ्या, म्हणजे पारशांची अग्निमंदिरं, आहेत, मानेकजी सेठ अगियारी तर 1733 सालची. पारशी नसलेल्या माणसाला आत प्रवेश नाही. विनंती करू नका, "फक्त एक मिनिट" म्हणू नका. समोरच्या फुटपाथवर उभं राहून दारावरचे पंखवाले, दाढीवाले मानवमुखी बैल बघा. चर्चगेटकडे जाताना पारशांची भिखा बेहराम विहीर लागते, 1725 ची. तिथेही फलक वाचायचा आणि बाहेरून बघायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं. पाहुण्यांना ही दोन ठिकाणं मी मुद्दाम दाखवते. आत न जाताही एखादी जागा नीट बघता येते, याची सवय इथे लागते.

दुपारी लोकलनं मस्जिद स्टेशन. या नावामागे मशीद नाही, सिनेगॉग आहे असं मानलं जातं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे शनवार तेली, मायबोली मराठी. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली स्थापन केलेलं शार हारहमीम सिनेगॉग इथल्या सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. रस्ता हातगाड्यांनी भरलेला आणि इमारत अंगचोर, दोनदा पुढे निघून जाल. आगाऊ विचारल्याशिवाय दार उघडेलच असं नाही. उघडलं तर शमाशांशी, म्हणजे सिनेगॉगची व्यवस्था बघणाऱ्यांशी, सरळ मराठीत बोला. दिवेआगर, नवगाव, पेण अशी नावं निघाली की वेळेचं भान राहत नाही. मलिद्याचा विषय निघाला तर मीही दहा मिनिटांत उठत नाही. पोहे, गूळ, खोबरं घालून एलियाहू नबीच्या नावानं करतात तो मलिदा, ऐकताना आपल्याच स्वयंपाकघरातला वाटतो.

पुढे क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद, 1802 ची, जुन्या तलावावर उभी. काळ्या दगडाच्या कमानी पाण्यातून वर येतात. शेवटी भेंडी बाजाराच्या बाजूला इमामवाडा रस्त्यावर मुघल मशीद. नाव मुघल, बांधली इराणी व्यापाऱ्यानं, 1860 साली. दर्शनी भाग निळ्या इराणी टाइल्सनी मढवलेला. दोन्हीकडे दारावरच्या माणसाला आधी सलाम, मग प्रश्न: आत येऊ का, बायका कुठपर्यंत जाऊ शकतात, फोटो चालेल का. तो "नाही" म्हणाला तर तेच उत्तर, आतल्या दुसऱ्या कोणाला विचारून पाहायचं नाही. हौदाचं पाणी वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, असतं, त्यात उन्हानं तापलेले पाय बुडवू नका. काठावर बसायला कोणी हरकत घेत नसेल तर बसा, बाहेरच्या हॉर्नचा आवाज तिथे चक्क कमी होतो.

पिशवीत सुटे पैसे, पाण्याची बाटली, चपलांसाठी कापडी थैली. ड्रोन, ट्रायपॉड आणि दहा सेकंदांची नाचाची रीळ घरी. नमाज किंवा प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा फोटोत घेऊ नका, पाठमोराही विचारूनच. परतीला सँडहर्स्ट रोड स्टेशन जवळ आहे. पाचच्या आत फलाटावर पोहोचा, नंतर डब्यात मोजे घालायलाही वाकता येत नाही.