परकी संस्कृती आत्मकथनातून कशी वाचावी

‘मन मोकळं ठेवून वाचा’ हा सल्ला सगळेच देतात आणि त्याचा उपयोग शून्य. मन कितीही मोकळं असलं तरी एका माणसाच्या आठवणी म्हणजे अख्खा देश नव्हे. बहुतेक वाचक घसरतात ते तिथेच. त्यावर उपाय आहे, पण तो पेन्सिल हातात घेऊन करायचा आहे.

पुस्तक निवडताना लेखक त्या समाजात वाढलेला आहे ना, एवढं बघा. वर्ष-दोन वर्षं राहून आलेल्या पाहुण्याचं पुस्तक वेगळ्या कामाचं. आणि आधी त्या देशाचा जाडजूड इतिहास वाचायच्या भानगडीत पडू नका. आत्मकथन हातात यायच्या आतच उत्साह संपतो.

पहिल्या कोऱ्या पानावर चार नोंदी करा: लेखकाचं जन्मसाल, घटनांचा काळ, प्रसिद्धीचं साल, मूळ भाषा. मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ हे चित्रमय आत्मकथन घ्या. जन्म १९६९चा, इराणमधली क्रांती १९७९ची, पहिला खंड २००० साली फ्रान्समध्ये, फ्रेंचमध्ये. म्हणजे बघणारी मुलगी दहाच्या आसपासची, सांगणारी बाई तिशीतली आणि ऐकणारा मुख्यतः इराणबाहेरचा. हे तिघं वेगळे आहेत, हे शेवटच्या पानापर्यंत विसरायचं नाही.

पहिल्यांदा सलग वाचा, खुणा नकोत.

आता अवघड भाग. दुसऱ्या वाचनात समासात तीन खुणा करायच्या: ‘मा’ म्हणजे त्या माणसाचा स्वभाव, ‘घ’ म्हणजे त्याचं घर आणि वर्ग, ‘स’ म्हणजे समाज. ‘मा’ ओळखणं सोपं असतं. घोळ होतो तो ‘घ’ आणि ‘स’मध्ये. सत्रापींचे आईवडील शिकलेले, डाव्या विचारांचे, मोर्च्याला जाणारे. मुलगी फ्रेंच शाळेत. हे सगळं ‘घ’. ते वाचून ‘इराणी लोक असे असतात’ म्हणणं साफ चूक. १९८०मध्ये शाळेत मुलींना डोकं झाकण्याची सक्ती झाली, ते मात्र ‘स’, कारण तो नियम एका घरापुरता नव्हता. त्या नियमावर तिच्या घरात काय बोललं गेलं, ते पुन्हा ‘घ’. एकाच पानावर दोन्ही खुणा येतात, त्यामुळे पानाला नव्हे, वाक्याला खूण करा.

अडलात तर एकच प्रश्न विचारा: शेजारच्या, गरिबाच्या किंवा खेड्यातल्या घरात हेच घडलं असतं का? उत्तराचा पुरावा पुस्तकात सापडला तरच ‘स’, नाहीतर प्रश्नचिन्ह. अंदाजाने ‘स’ लिहिणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. समास प्रश्नचिन्हांनी भरला तर घाबरू नका, वाचन नीट चाललं आहे.

पुरावा बहुधा आडबाजूला असतो. याच पुस्तकात घरातली मोलकरीण शेजारच्या मुलाच्या प्रेमात पडते. तिला लिहिता येत नाही, म्हणून छोटी मार्जी तिची पत्रं लिहून देते. प्रकरण बाहेर येतं आणि वडीलच ते मोडतात: आपला वर्ग सोडून नातं जोडता येत नाही. समतेच्या गप्पा मारणारं घर जिथे वाकतं, तिथे समाजाचा दाब दिसतो. अशा जागी ठळक ‘स’ लिहा.

लेखक जे सविस्तर समजावतो, ते बऱ्याचदा बाहेरच्या वाचकासाठी असतं. कोण उभं राहिलं, कोण आधी जेवलं, कोणाला नुसत्या नावाने हाक मारली, हे तो अर्ध्या वाक्यात ओलांडून जातो. या ओळी अधोरेखित करा. तुम्ही चिडला असता तिथे लेखक चिडत नसेल, तर तीही ओळ.

मग दुसरी साक्ष काढा. फ्रँक मॅकोर्ट यांच्या ‘अँजेलाज ॲशेस’ या आत्मकथनात (१९९६) आयर्लंडमधल्या लिमरिक शहराचं जे चित्रण आहे, त्यावर त्या शहरातल्याच काहींनी जोरदार आक्षेप घेतले होते. अशा वेळी खरं-खोटं करत बसू नका. दोन्ही बाजूंनी वाद न घालता काय गृहीत धरलंय ते टिपा.

दुसरं पुस्तक निवडताना शहर आणि दशक तेच ठेवा, वर्ग किंवा लिंग बदला. ते संपलं की पहिल्यातली प्रश्नचिन्हं पुन्हा तपासा. काहींचं ‘स’ होईल, काहींचं ‘घ’. उरतील ती तशीच राहू द्या.