हॅमॉक कशाने बांधायचा? माझ्या माकडहाडाला विचारा

गुहागरजवळ माझं आजोळ. तिथे मामाच्या वाडीत मी पहिल्यांदा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, बांधला, तो कपडे वाळत घालायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीने. दोरी करंगळीएवढी जाड, त्यामुळे मी निर्धास्त. त्यात हौसेने तो असा ताणून बांधला की जरासुद्धा झोळ नको. दहा मिनिटांत टप् असा आवाज झाला आणि मी खाली, माकडहाडावर. नशीब, गुडघ्याएवढ्याच उंचीवर होते. तेवढी उंची आजही पाळते.

दोरी जुनी होती हे खरं, पण तिला तोडलं माझ्या ताणण्याने. माझं वजन ७० किलो (आता लपवून काय करायचंय). दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश तिरकी असेल तर प्रत्येक बाजूला साधारण ७० किलोचाच ताण येतो. १० अंशांवर तोच २०० किलो होतो, आणि ५ अंशांवर ४००! कोनमापक वगैरे लागत नाही. तर्जनी आडवी धरा, अंगठा काटकोनात ताठ उभा करा. दोन्ही टोकं जोडणारी तिरकी रेघ म्हणजे अंदाजे ३० अंश. दोरी त्या रेघेत दिसली की झालं.

आता दोरी. ती निळी बाजारातली दोरी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते. उन्हाने ठिसूळ होते, गाठ सरकते. हात फिरवल्यावर कुसं टोचली की ती बाद समजा. पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटला वापरतात तसली बारीक नायलॉनची दोरी, दिसते झकास, पण '५५०' याचा अर्थ ५५० पाउंडांना, म्हणजे जेमतेम २५० किलोंना तुटणारी. गाठ मारली की त्यातली तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते. शिवाय नायलॉन ओलं झालं की आणखी ताणतं. रात्री अधांतरी झोपलेला माणूस पहाटे जमिनीला टेकतो. वरची ताडपत्री बांधायला मात्र ती उत्तम. मामा म्हणाला, "अगो, रहाटाचा दोर घे की, मजबूत आहे." पण किती वर्षं पाण्यात भिजला, उन्हात वाळला, कोणाला ठाऊक? ज्याची ताकद माहीत नाही, त्यावर मी झोपत नाही.

घ्यायचा तो पॉलिस्टरचा पट्टा, किमान २५ मिलिमीटर रुंद. पॉलिस्टर फारसं ताणत नाही, आणि रुंद पट्टा झाडाच्या सालीत रुतत नाही. बारीक दोरी सालीखालचा जिवंत थर चेपते. लेबलवरचा आकडा तुटण्याच्या ताकदीचा आहे की सुरक्षित वजनाचा, ते आधी पाहा. तुटण्याचा असेल तर तो वजनाच्या निदान पाचपट हवा, म्हणजे माझ्यासाठी ३५० किलो. फासे शिवलेले असतील तिथली शिलाई नखाने खरवडून बघा. एक टाका जरी उसवलेला दिसला तरी पट्टा परत ठेवा. पट्टा आणि हॅमॉक जोडणारा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) किल्ल्या अडकवायचा चालत नाही. त्यावर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असावा. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो.

झाडाचं म्हणाल तर पोफळ नको, बारीक असते. शेवगा आणि पांगाराही नको, कटकन मोडतात. जिवंत आंबा किंवा जांभूळ, वीतभर तरी जाड खोडाचं, बघावं. नारळाचं खोड भक्कम, पण आधी मान वर करून बघा. मामाच्या भाषेत, "नारळ सांगून पडत नाही." सुकलेली झावळही नाही सांगत. खोडावर ओंबील (चावऱ्या लाल मुंग्या) फिरत असेल तर दुसरं झाड शोधा, वाद घालू नका.

बांधून झाल्यावर लगेच पाय वर घेऊन आडवं व्हायचं नाही. आधी कडेला बसून हळूहळू सगळं वजन टाका, पट्टा बसला की कोन पुन्हा बघा. पावसाळ्यात एक गंमत: खोडावरून येणारं पाणी पट्ट्यावरून सरळ हॅमॉकमध्ये उतरतं. ताडपत्रीच्या आत, हॅमॉकच्या अलीकडे पट्ट्याला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा. पाणी तिच्यावरून खाली ठिबकतं, उशी कोरडी राहते.