सावलीतली बाग: कुंड्या मारायच्या नसतील तर या चुका टाळा

आमच्या इंदुरात जुन्या घरांना उत्तरेकडे एक बोळ असतो, घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधला. तिथे काहीच जगत नाही, असं मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. माझ्याकडे त्याच बोळात चौदा कुंड्या आहेत.

पहिली चूक पाण्याची. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. नळ आला की कालचं पाणी 'शिळं', म्हणून बादल्या सरळ कुंड्यांत रिकाम्या. उन्हातल्या जास्वंदीला ते चालून जातं. सावलीत मात्र माती चार-चार दिवस ओली राहते, त्यात आपली माळव्याची काळी माती, भिजली की नुसता चिखलाचा गोळा. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं माना टाकतात. आणि माना टाकल्या म्हणून आणखी एक बादली! मी बोट दोन पेरं मातीत घालते. कोरडं लागलं तरच पाणी.

कॅलेडियमचं तर विचारूच नका. हे अळूच्या कुळातलं, खाली कंद. दिवाळीनंतर गारठा पडला की पानं पिवळी पडून गळतात. ते झोपलेलं असतं. शेजारच्या सुनेने गेल्या डिसेंबरभर त्याला रोज तांब्याभर पाणी घातलं, वर 'ताकद यावी' म्हणून चमचाभर युरिया. जानेवारीत मला हाक मारली. उकरलं तर कंद पिठल्यासारखा बोटांना लागला, वास वेगळाच. तिन्ही कुंड्यांत तेच. मी तरी कुठली शहाणी! पहिल्या वर्षी 'मेलं' म्हणून कुंडी मागच्या पालापाचोळ्यावर उपडी केली होती. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्यातूनच गुलाबी पानं वर आली. आता पानं गळली की पाणी बंद, कुंडी जिन्याखाली, थेट मे संपताना बाहेर.

जिन्याखाली झोपलेला कंद ठेवा, जागं झाड नको. दुपारी जिथे दिव्याशिवाय पेपर वाचता येत नाही, ती सावली नव्हे, अंधार.

हल्ली नवशिक्यांना हेलेबोर हवं असतं, कारण फोटोत ते बर्फातून फुललेलं दिसतं. बी मागवण्याआधी ऐका. हे युरोप-तुर्कस्तानकडच्या थंड रानांतलं झाड. बी ताजंच पेरावं लागतं, त्याला आधी काही आठवडे ऊब आणि मग काही आठवडे थंडी लागते, आणि रुजल्यावर फुलायला दोन-तीन वर्षं. फ्रिजमध्ये ठेवून बियांना थंडी देता येईल हो, पण मेमधल्या 42 डिग्रीत झाडही फ्रिजात बसवणार का? शिवाय ते सगळंच्या सगळं विषारी. घरात रांगतं मूल असेल तर विषयच नको.

खत: निंबोळी पेंड मूठभर, पावसाळ्याच्या तोंडाशी. बस.

परवा तीच सून बॉस्टन फर्नला कीड लागली म्हणून औषध मागायला आली. पान उलटून बघितलं, तर मागे तपकिरी ठिपके, कडेने ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारखे. म्हटलं, अगं, हे फर्नच्या बीजाणूंचे पुंजके, कीड नव्हे. ती म्हणाली, "बरं काकू, पण मग हे घासून काढायचे कशाने?"