नेपाळला मुलांसाठी काम करायला जाताय? आधी हे विचारा

काठमांडू, पोखरा भागातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून ‘शहरात शिकवतो’ सांगून, घरच्यांकडून पैसे उकळून मुलं आणली जातात. परदेशी पाहुणे आले की देणग्या येतात, म्हणून ती तिथेच अडकतात. (ऑस्ट्रेलियाने तर 2018च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने याची दखल घेतली.)

तेव्हा स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी पैसे भरण्यापूर्वी संस्थेला विचारा: मागच्या वर्षी किती मुलं घरी परत पाठवलीत? उत्तराची टाळाटाळ झाली, किंवा पोलीस पडताळणीचा दाखला न मागताच ‘उद्यापासून या, मुलांना खेळवा’ म्हणाले, तर सरळ नाही म्हणा. गावातल्या शिक्षकांना किंवा पालकांच्या रोजगाराला हातभार लावणारं काम शोधा; फोटो कमी मिळतील, एवढंच.