जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे राहायला जाताय? पहिला आठवडा असा काढा

जर्मनीत वर्षभर व्हॉलंटियरिंगला जाणाऱ्यांनी पोचल्यावर आधी होस्टकडून एक सही केलेला कागद घ्या, तुम्ही त्यांच्या घरी राहता असं लिहिलेला, कारण २ आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि मोठ्या शहरात त्याची अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही. बँक अकाउंट वगैरे पुढची कामं बरीचशी त्यावरच अडतात.

आता खाण्याचं. रात्री बऱ्याच घरात गरम जेवण नसतंच, ब्रेड, चीज, काकडी, लोणी टेबलावर मांडतात आणि ज्याने त्याने घ्यायचं, पाहुणचार कमी पडला असं अजिबात समजू नका. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी मासे पण नाही, चिकन पण नाही असं नाव घेऊन सांगा. आणि आपल्या सवयीने भिडेखातर "चालेल चालेल" करू नका, त्यांना ते खरंच चालतंय असं वाटतं आणि मग वर्षभर तेच ताटात. पोळ्या आमटी करून घालायची हौस असेल तर जरूर करा पण फोडणीच्या आधी खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म बोंबलतो.

रविवारी दुकानं बंद, सामान शनिवारीच आणा. वॉशिंग मशीन पण रविवारी विचारूनच लावा. आणि रिकाम्या बाटल्या फेकू नका हां, प्लॅस्टिकच्या बऱ्याच बाटल्यांवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या की परत मिळतं.