पावसाचे आकडे बघताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

सकाळी साडेआठला हवामान खात्याचा आकडा येतो. तो आधीच्या 24 तासांचा असतो, म्हणजे काल संध्याकाळी पडलेलं पाणीही त्यातच धरलेलं असतं. लोक तो 'आजचा पाऊस' समजून मोकळे होतात. खरी गफलत पुढे आहे: त्या आकड्यातून किती पडला ते कळतं, किती वेळात पडला ते नाही. 64.5 ते 115.5 मिलिमीटरचा दिवस खात्याच्या मोजणीत 'मुसळधार' ठरतो. तेवढंच पाणी दिवसभर रिपरिप पडलं, तर नाल्या वाहून नेतात. 23 सप्टेंबर 2023 ला मध्यरात्रीनंतर जेमतेम चार तासांत शंभराच्या वर मिलिमीटर कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. म्हणून पाऊस लागला की दर तासाचा आकडा आणि रडार बघा.

दुसरी गोष्ट जागेची. सीताबर्डीत कोरडं आहे म्हणून नाग शांत असेल, असं नसतं. ती लाव्याच्या टेकड्यांकडून येते, त्यामुळे वाडीकडचं आभाळ विचारा.

कन्हान नदीचा हिशोब आणखी वेगळा. कामठी-मौद्याकडच्या माणसाने नागपूरचा अंदाज वाचून निर्धास्त राहणं म्हणजे कमालच! कन्हान आणि पेंच दोन्ही छिंदवाड्याकडून येतात. तिकडे झोडपलं की पेंचवरच्या धरणांची, आधी चौराई, मग तोतलाडोह, मग नवेगाव खैरी अशी दारं उघडत जातात, आणि पेंचचं पाणी बिना संगमाशी कन्हानला मिळतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरचा पूर असाच वरून आला होता. नागच्या पुराला काही तासच लागतात, कन्हानच्या पुराआधी बहुधा धरणांच्या बातम्या येतात. त्या वाचा.

वाचताना धरणातून सोडलेल्या पाण्याचं एकक तपासा. एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे सुमारे 35 क्युसेक (सेकंदाला घनफूट). व्हॉट्सॲपवर कुणी अक्षर बदललं की घबराट, नाहीतर फाजील निश्चिंती.

नदीची पातळी मीटरमध्ये दिसते, ती समुद्रसपाटीपासूनची. भंडाऱ्याच्या कारधा पुलाशी वैनगंगेचा आकडा 240 च्या घरात असतो. ती खोली नव्हे, भाऊ. इशारा पातळीपासून पाणी किती खाली आहे आणि मागच्या तीन तासांत किती चढलं, एवढं बघितलं तरी पुष्कळ. ऑरेंज अलर्टही अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो; तुमच्या पुलावरून पाणी जाईल की नाही, ते तो सांगत नाही.

घरी पाऊस मोजणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे बादली. तिचं तोंड रुंद, बूड अरुंद, मग पट्टीवर आकडा फुगतो. सरळ भिंतीचा डबा घ्या, गच्चीवर टाकीपासून आणि झाडापासून लांब ठेवा, आणि नोंदीत मिलिमीटरशेजारी वेळ लिहा.