सोसायटीचं पाण्याचं बिल: मुंबईत दर कसा ठरतो आणि आकडा कसा तपासायचा

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘महापालिकेने दर केवढा वाढवलाय!’ आणि ‘तिसऱ्या मजल्यावर पाहुणे किती येतात!’ दोन्ही बोलणाऱ्यांनी बिलाचा कागद बहुधा पाहिलेला नसतो. नव्या कमिटीत सेक्रेटरी किंवा खजिनदार म्हणून तुमचं नाव लागलं असेल, तर मागच्या वर्षभराची बिलं काढा, कॅल्क्युलेटर जवळ ठेवा आणि या क्रमाने चला.

आधी कागद वेगळे करा

मुंबईत पाण्याचे पैसे दोन वाटांनी जातात. मालमत्ता कराच्या देयकात जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर अशा ओळी असतात. तुम्ही किती बादल्या वापरल्या याच्याशी त्यांचा संबंध नाही, त्या मालमत्तेच्या मूल्यावर बसतात. ज्या इमारतीला मीटर नाही, तिचा जलकरही त्याच देयकात येतो. मीटर असेल तर जल अभियंता खात्याचं स्वतंत्र बिल येतं. त्यात मोजून घेतलेल्या पाण्याचा जलआकार आणि त्यावर मलनिःसारण आकार असतो. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा अनेकांना वाटलं की पाण्याचं बिलही गेलं. ते गेलेलं नाही.

दर कोण ठरवतं?

कायदा जुना आहे: मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888. पाण्याच्या आकाराचे नियम करण्याचा अधिकार त्यात स्थायी समितीला दिला आहे. 2012 मध्ये ठरलं की खर्च जसा वाढेल तसा दर वाढवावा, पण वर्षाला 8 टक्क्यांच्या वर जाऊ नये. तेव्हापासून दरवर्षी प्रशासन हिशेब मांडतं. आस्थापनेचा खर्च किती वाढला, विजेचा किती, देखभालीचा किती, आणि राज्य सरकारला कच्च्या पाण्यापोटी किती द्यावे लागले, हे त्यात येतं. शेवटची बाब लोकांच्या लक्षात नसते. शहराला सात तलाव पाणी पुरवतात, पण भातसा आणि अप्पर वैतरणा ही धरणं राज्याच्या जलसंपदा खात्याची आहेत. त्या पाण्याचे पैसे महापालिका मोजते, आणि त्याचा ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं.

जून 2022 मध्ये 7.12 टक्के वाढ झाली आणि इमारतींचा घरगुती दर 1000 लिटरला 5 रुपये 94 पैशांवरून 6 रुपये 36 पैसे झाला. दुकानं आणि कार्यालयं याच्या सात पटींहून जास्त देतात. घरातलं पाणी इतकं स्वस्त पडण्याचं एक कारण ते आहे. दुसरं म्हणजे तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी बरंचसं स्वतःच्या उतारानेच खाली येतं. दुकानांचा दर असा वेगळा असल्यामुळे तळमजल्यावर दुकानं असतील तर त्यांची जोडणी आणि मीटर वेगळा आहे ना, हे आजच पाहून घ्या. दुकानांचं पाणी घरगुती जोडणीवरून जाताना सापडलं, तर वाद सोसायटीच्या अंगावर येतो.

टप्पे समजून घ्या, खरी मेख तिथेच आहे

माणशी रोज 150 लिटरपर्यंत मूळ दर. 150 ते 200 लिटरच्या टप्प्यातल्या पाण्याला दुप्पट, 200 ते 250 ला तिप्पट आणि त्यापुढे चौपट. एका घरात पाच माणसं धरतात, म्हणजे फ्लॅटमागे रोजचे 750 लिटर मूळ दरात बसतात. जलआकाराच्या 70 टक्के रक्कम मलनिःसारण आकार म्हणून वर चढते. सांडपाण्याला वेगळा मीटर नसतो. जेवढं पाणी आत आलं त्या प्रमाणात ते गटारात गेलं, असं गृहीत धरलेलं असतं.

आता 20 फ्लॅटची सोसायटी घ्या. 20 गुणिले 750 म्हणजे रोजचे 15,000 लिटर, 30 दिवसांचे 450 युनिट. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. 6.36 च्या दराने जलआकार 2,862 रुपये, त्याचे 70 टक्के 2,003 रुपये 40 पैसे, एकूण 4,865 रुपये 40 पैसे. फ्लॅटमागे महिन्याला 243 रुपये. ज्याने टँकर मागवला आहे त्याला हा दर किती स्वस्त आहे ते वेगळं सांगायला नको.

त्याच सोसायटीने 600 युनिट वापरले तर? पहिले 450 युनिट 2,862 रुपयांचे, उरलेले 150 दुप्पट दराने 1,908 रुपयांचे. जलआकार 4,770, मलनिःसारण 3,339, एकूण 8,109 रुपये. वापर एक तृतीयांशाने वाढला आणि बिल दोन तृतीयांशाने. ‘दर वाढला’ म्हणून सभेत आरडाओरडा होतो, तेव्हा दर बहुतेक जागेवरच असतो. सोसायटी वरच्या टप्प्यात सरकलेली असते.

म्हणूनच खात्याच्या नोंदीत तुमच्या सदनिकांची संख्या किती आहे, हे सगळ्यात आधी तपासा. पुनर्विकासानंतर फ्लॅट वाढले आणि नोंद जुनीच राहिली, तर मूळ दराचा कोटा जुन्या संख्येवरच मिळणार. दर पुढे बदलला तर बिलावरचा नवा आकडा घ्या, हिशेबाची रीत हीच.

मीटरपाशी जा

बिलावरचं मागचं आणि आताचं रीडिंग यांची वजाबाकी करा, मग प्रत्यक्ष मीटर पाहा. बहुतेक मीटरवर काळे आकडे घनमीटरचे असतात. एक घनमीटर म्हणजेच एक युनिट. लाल आकडे त्याच्या आतल्या लिटरांचे. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकायची सवय लावा. मीटर बंद पडला की आधीच्या वापराची सरासरी धरून बिल येतं. ते चुकीचं आहे असं म्हणायला हाताशी हे फोटोच लागतात.

मीटर बरोबर आणि आकडा तरी मोठा, तर गळती शोधा. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे रात्री मीटर फिरतोय का हे पाहून काही कळत नाही. त्यापेक्षा जमिनीखालची टाकी तपासा. पाणी येऊन गेल्यावर इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप बंद ठेवायचा. रात्री बारा वाजता वॉचमनला घेऊन झाकण उघडायचं, सरळ काठी तळापर्यंत बुडवून ओल कुठवर आली तिथे खूण करायची. पहाटे पाचला पुन्हा तेच. टाकी आतून 5 मीटर लांब, 4 मीटर रुंद असेल आणि पाणी अडीच सेंटिमीटर उतरलं असेल, तर 500 लिटर गेले. म्हणजे दिवसाला 2,400 लिटर, महिन्याला 72 युनिट, आणि सोसायटी दुप्पट टप्प्यात असेल तर मलनिःसारणासकट दीड हजार रुपयांच्या वर. पैशांपेक्षा वाईट गोष्ट अशी, की ज्या तड्यातून पाणी बाहेर जातं त्याच तड्यातून टाकी रिकामी असताना बाहेरचं पाणी आत येतं.

टाकी ठीक निघाली तर गच्चीवरचा ओव्हरफ्लो पाहा. त्यानंतर घराघरांतले फ्लश. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका. न ओढता पंधरा मिनिटांत भांड्यात रंग उतरला, तर वॉशर गेलेला आहे.

वाटणी करताना

इथे सोसायट्या सर्रास चुकतात. कोणी फ्लॅटच्या क्षेत्रफळावर पाणी लावतं, कोणी सगळ्यांना सारखं. आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, सांगतात की पाण्याचे पैसे प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची एकूण संख्या आणि त्यांचं माप यांवर वाटायचे. समजा, त्या 20 फ्लॅटपैकी 12 घरांत तीन-तीन आणि 8 घरांत चार-चार जोड आहेत, सगळे एकाच मापाचे. एकूण 68. वर काढलेले 4,865.40 भागिले 68, म्हणजे जोडामागे 71 रुपये 55 पैसे. लहान फ्लॅटला 214.65, मोठ्याला 286.20. नूतनीकरणात कोणी जास्तीचं बाथरूम काढलं असेल, तर तिथला जोड यादीत आणा. एकट्या राहणाऱ्या आजींना ही पद्धत थोडी अन्यायाची वाटेल, आणि त्यांचं म्हणणं चूकही नाही. पण घरात माणसं किती हे मोजत बसायचं काम कोणत्याच कमिटीने ओढवून घेऊ नये. टँकरचा खर्च आणि पंपाची वीज मात्र पाणीपट्टीच्या ओळीत मिसळू नका, वेगळी दाखवा.

बिल चुकलंच असेल तर

वॉर्ड ऑफिसात सहाय्यक अभियंता (जलकामे) यांच्या नावाने अर्ज द्या. सोबत बिलाची प्रत, मीटरचे तारखेसह फोटो आणि सदनिकांच्या संख्येचा पुरावा म्हणून भोगवटा प्रमाणपत्राची (ओसी) प्रत जोडा. एका प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. निकाल लागेपर्यंत बिल अडवून ठेवण्याचा मोह होतो, पण थकबाकीवर महिन्यागणिक अतिरिक्त आकार चढत जातो. म्हणून हरकत नोंदवून पैसे भरा, आणि जास्त घेतलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करावी, अशी ओळ अर्जातच लिहा.